अग्निशमन केंद्र हवंय? मग नुसती इमारत मागू नका

नव्या वस्तीत अग्निशमन केंद्राची मागणी बहुतेक वेळा एखादी मोठी आग लागून गेल्यावरच जोर धरते. आठवडाभर सोसायट्यांच्या ग्रुपवर संताप, मग सह्यांची मोहीम, मग नगरसेवकासोबत निवेदन देतानाचा फोटो. नशीब जोरावर असेल तर पुढे भूमिपूजन होतं, इमारतही उभी राहते आणि शटरला कुलूप लागतं. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: मनुष्यबळ नाही. लोकांनी इमारत मागितली होती, ती मिळाली.

म्हणून निवेदनाचं पहिलं वाक्यच बदलायला हवं. 'आमच्या भागात अग्निशमन केंद्र व्हावं' असं मोघम न लिहिता 'या भागातल्या शेवटच्या इमारतीच्या फाटकापर्यंत पहिला बंब, सहा जणांच्या पथकासह, दिवसरात्र केव्हाही सात मिनिटांच्या आत पोचावा' असं लिहा. जागा, गाडी, माणसं आणि वेळ, चारही गोष्टी त्यात आल्या. शिवाय पुढच्या वर्षी हे झालं की नाही, ते घड्याळ लावून तपासता येतं.

सातच मिनिटं का, हे अधिकारी विचारणारच, तेव्हा हिशेब तयार ठेवा. केंद्र सरकारच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीचा जुना निकष शहरी भागात दर 10 चौरस किलोमीटरला एक केंद्र असा आहे. ग्रामीण भागात दर 50 चौरस किलोमीटरला एक. 10 चौरस किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर त्रिज्या जेमतेम 1.8 किलोमीटर भरते. रस्ते सरळ जात नाहीत, म्हणून प्रत्यक्ष अंतर साधारण 2.4 किलोमीटर धरा. गर्दीच्या वेळी ताशी 20 किलोमीटरच्या वेगाने तेवढ्याला सात मिनिटं लागतात. म्हणजे निकष आणि सात मिनिटं ही एकाच गोष्टीची दोन मापं आहेत.

इथे एक मेख आहे. 2014 च्या केंद्रीय नगररचना मार्गदर्शक तत्त्वांमध्ये (इंग्रजी लघुरूप यूआरडीपीएफआय) वेगळं माप आहे: 2 लाख लोकसंख्येमागे एक केंद्र, 5 ते 7 किलोमीटरच्या अंतरात, 1 हेक्टर जागेवर, आणि उपकेंद्र 3 ते 4 किलोमीटरच्या अंतरात, 0.6 हेक्टरवर. महापालिकेला सोयीचं असतं ते यातलं 5 ते 7 किलोमीटरचं माप. '6 किलोमीटरवर केंद्र आहे, निकषात बसतं' असं लेखी उत्तर आलं, तर त्याच वेगाने 6 किलोमीटरला 18 मिनिटं लागतात हे परतीच्या पत्रात लिहा आणि त्याच पुस्तकातलं उपकेंद्राचं माप पुढे करा. पुण्यात तर हा वाद घालायचीही गरज नाही. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं आत आल्यावर शहराची हद्द 500 चौरस किलोमीटरच्या वर गेली. नंतर दोन गावं बाहेर पडली, तरी दहाच्या निकषाने जवळपास पन्नास केंद्रं लागतात. त्याच्या निम्मीही नीट चालू नाहीत हे दलातला कुणीही सांगेल.

आता पुरावा. गूगल मॅपचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून कुणी धरत नाही, आणि ते बरोबरच आहे; त्यात गाडी बाहेर पडायला लागलेला वेळ नसतो आणि सोसायटीच्या फाटकात अडकलेला वेळही नसतो. खरा पुरावा दलाच्या स्वतःच्या नोंदवहीत आहे. प्रत्येक वर्दीची, म्हणजे मदतीसाठी आलेल्या फोनची वेळ, कुठल्या केंद्राची कुठली गाडी निघाली, केव्हा पोचली, केव्हा परतली हे तिथे लिहिलेलं असतं. ते माहिती अधिकारात मागायचं. महाराष्ट्रात अर्ज 'जोडपत्र अ' मध्ये, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा. लोक नेमके इथेच घसरतात. वर्द्या, रिक्त पदं, आरक्षित जागा आणि जमा शुल्क असं सगळं एकाच अर्जात कोंबतात आणि 'एकापेक्षा अधिक विषय' म्हणून अर्ज परत येतो. चार वेगळे अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर 20 रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील.

वर्द्यांच्या अर्जात 'गेल्या तीन वर्षांत आमच्या भागात किती आगी लागल्या' असं विचारू नका. 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' हे छापील उत्तर येतं. त्याऐवजी अमुक केंद्राच्या वर्दी नोंदवहीची अमुक महिन्यांची पानं प्रत्यक्ष पाहू द्यावीत आणि निवडलेल्या पानांच्या प्रती 2 रुपये पानाप्रमाणे द्याव्यात, असं मागा. पानं चाळायला दोघांनी बसावं: एकाने वाचायचं, दुसऱ्याने वहीत उतरवायचं. पाहताना दोन गोष्टी खटकतील. पोचण्याचा रकाना बऱ्याच नोंदींत रिकामा असतो. आणि जिथे भरलेला असतो तिथे वेळा 10.05, 10.15, 10.20 अशा गोल असतात, कारण जवान परत येऊन आठवणीतून लिहितात. त्यांचा दोष नाही, हातात होज (पाणी मारायची नळी) असताना घड्याळ कोण बघतो? पण सरासरी काढताना या नोंदी वेगळ्या ठेवा, नाहीतर समोरचा त्यावरच बोट ठेवेल. वर्दीची वेळ मात्र नियंत्रण कक्षात फोन वाजताच लिहिली जाते, ती भरवशाची.

नोंदवहीला जोड म्हणून स्वतः वेळ मोजा. सध्याच्या सर्वांत जवळच्या केंद्राच्या दारापासून तुमच्या भागातल्या आठ-दहा ठिकाणांपर्यंत, सकाळी नऊ ते अकरा, संध्याकाळी सहा ते नऊ आणि मध्यरात्रीनंतर, एकाच मार्गाने. घड्याळ सोसायटीच्या फाटकाशी थांबवू नका. सगळ्यात आतल्या इमारतीखाली थांबवा. बंबाला वळायला 9 मीटरची त्रिज्या लागते. कोपऱ्यावर दोन मोटारी उभ्या असतील तर मोटारसायकलवरून मोजलेला वेळ फसवा ठरतो. त्या कोपऱ्यांचे फोटो तारखेसह लावा. (हे करताना निम्मे अडथळे आपल्याच सोसायट्यांनी उभे केले आहेत, हेही ध्यानात येतं. कमान, बूम बॅरिअर, रस्त्यात आणलेली कुंडी.)

सह्या गोळा करायच्या तर करा, पण पाच हजार सुट्या सह्यांपेक्षा चाळीस गृहनिर्माण संस्थांचे लेटरहेडवरचे ठराव फायलीत जड पडतात. ठरावात सदनिकांची संख्या आणि इमारतीची उंची लिहायला विसरू नका. निवेदन मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांना, प्रत आयुक्तांना, शहर अभियंत्याला आणि क्षेत्रीय कार्यालयाला. प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. पोच नसलेलं निवेदन दिलंच नाही असं समजा.

जागा हा यातला सगळ्यात किचकट भाग आहे.

विकास आराखड्यात तुमच्या भागात 'फायर स्टेशन' असं आरक्षण आहे का, ते आधी पाहा. असेल तर आराखडा अमलात आल्याची तारीख शोधा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 नुसार दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर 24 महिन्यांत महापालिकेने पावलं उचलली नाहीत तर आरक्षण गळून पडतं. मग तिथे आणखी एक टॉवर. त्यामुळे 'आरक्षण आहे, काळजी नको' हे ऐकून घरी जाऊ नका. कलम 127 ची नोटीस आली आहे का, केव्हा आली, हा माहिती अधिकाराचा स्वतंत्र अर्ज. नोटीस आलेली असेल तर तुमच्या मोहिमेचं सगळं वेळापत्रक त्या 24 महिन्यांवर बेतलं पाहिजे.

संपादनाच्या वाटा कलम 126 मध्ये आहेत: सहमतीने रोख मोबदला, टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (त्याच जागी जादा बांधकाम), नाहीतर सरकारमार्फत सक्तीचं संपादन. रोख पैसे महापालिकेकडे नसतात आणि सक्तीच्या संपादनात वर्षं जातात, म्हणून व्यवहारात टीडीआरच चालतो. बिल्डरला टीडीआर नको असेल, म्हणजे बाजारात भाव पडलेला असेल, तर फाइल तिथेच बसते. अशा वेळी 'आगाऊ ताबा' हा शब्द पत्रात वापरा. मोबदल्याचा निर्णय व्हायच्या आधी जागा ताब्यात द्यायला मालक राजी असेल तर काम निदान कुंपणापर्यंत तरी येतं. मोठ्या लेआऊटमधून महापालिकेला मिळालेल्या अ‍ॅमेनिटी स्पेसची (सार्वजनिक सोयींसाठी सोडलेल्या जागांची) यादी मालमत्ता व्यवस्थापन विभागाकडे असते, तीही मागा. आरक्षणाच्या जागेपेक्षा हे भूखंड लवकर हाती येतात, कारण ते आधीच महापालिकेच्या नावावर असतात. समाविष्ट गावांत, जिथे आराखडाच अधांतरी आहे, तिथे गायरान किंवा इतर सरकारी जमीन हा पर्याय उरतो. पण त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव महापालिकेनेच पाठवावा लागतो. नागरिकांनी थेट जिल्हाधिकारी कार्यालयात दिलेला अर्ज 'महापालिकेकडे वर्ग' होऊन परत येतो.

आराखड्याचा मसुदा सध्या हरकतींसाठी खुला असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून हरकत नोंदवा. मुदत मोजक्याच दिवसांची असते. हरकतीत सर्व्हे नंबर, आराखड्याचा शीट क्रमांक आणि नेमकी जागा लिहा.

प्रत्येक रिकामा भूखंड केंद्राला चालत नाही. 0.6 हेक्टर वाढत्या शहरात मिळणं कठीण, आणि दीड-दोन हजार चौरस मीटरमध्येही तीन गाड्यांचं चांगलं केंद्र बसतं. अट एवढीच की समोरचा रस्ता रुंद हवा आणि शटरपुढे मोकळं अंगण हवं, किमान गाडीच्या लांबीपेक्षा जास्त, म्हणजे 10 ते 12 मीटर. अंगण नसेल तर बंब शटरबाहेर येताच फूटपाथवर आणि रस्त्यात उभा. दुभाजकाला फट नसेल तर उजवीकडे जायला पुढच्या चौकात जाऊन वळून यावं लागतं. एवढ्यात दोन मिनिटं गेली. सिग्नलला अगदी लागून असलेली जागा कागदावर मोक्याची दिसते, पण लाल दिव्याला थांबलेली रांग शटरसमोर येते आणि गाडी निघतच नाही. ओढ्याकाठची जागा स्वस्त असते म्हणून पुढे केली जाते. पावसात सगळ्यात जास्त वर्द्या येतात त्याच रात्री त्या केंद्रात पाणी शिरतं. शाळेचं फाटक, मंडई, रेल्वे फाटक, उच्चदाब वाहिनी यांच्यापासूनही लांब. शेजारच्या सोसायट्या सायरनच्या आवाजाची तक्रार करतील. केंद्रात आत घंटा वाजते आणि सायरन रस्त्यावर लागतो, हे त्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

माणसांचा हिशेब निवेदनात आकड्यांसकट द्या, कारण हाच हिशेब पुढे कुणी करत नाही. बंबावर सहा जागा: एक चालक, एक तांडेल (पथकाचा म्होरक्या), चार फायरमन. तीन पाळ्या म्हणजे अठरा माणसं, असं वाटतं. पण साप्ताहिक सुट्ट्या 52, सण, किरकोळ, अर्जित आणि वैद्यकीय रजा, प्रशिक्षण मिळून आणखी 50 दिवस धरले तर एक माणूस वर्षात 263 दिवस कामावर असतो. 365 दिवस गुणिले तीन पाळ्या, भागिले 263: एका जागेमागे 4.16 माणसं. सहा जागांना 25. पाळीवरचा अधिकारी आणि फोन-वायरलेस सांभाळणारा धरला की आणखी आठ. एका बंबाचं केंद्र 33 जणांशिवाय चोवीस तास चालत नाही. सोबत पाण्याचा टँकर हवा असेल तर 12 ते 13 जण आणखी. अठराच नेमले तर काय होतं? बंबावर तिघे निघतात. चालक पंपाशी अडकतो, उरलेल्या दोघांनी होज पसरायचा की आत माणूस शोधायचा?

ही पदं आयुक्त मनाने निर्माण करू शकत नाहीत. पदांचा आकृतिबंध, म्हणजे कुठली पदं किती याचा तक्ता, राज्याच्या नगरविकास विभागाकडून मंजूर व्हावा लागतो, आणि आस्थापना खर्च उत्पन्नाच्या 35 टक्क्यांवर गेलेला असेल तर तिथे अडतं. म्हणून आमदारांकडे जायचं ते भूमिपूजनासाठी नको. आकृतिबंधासाठी आणि विधानसभेत प्रश्न विचारण्यासाठी जा. मंजूर पदं असूनही भरती झाली नसेल तर तो वेगळा आजार आहे, त्याचा जाब महापालिकेला विचारायचा. फायरमनचा अभ्यासक्रम सहा महिन्यांचा. इमारतीच्या निविदेबरोबरच भरतीची जाहिरात निघाली नाही, तर इमारत आधी तयार होणार आणि कुलूप लागणार हे नक्की. माझ्या मते निवेदनातली सगळ्यात कडक ओळ हीच असावी: निविदा आणि भरती एकाच वेळी. ठेकेदारामार्फत चालक घेण्याची प्रथा वाढते आहे, ती मला धोक्याची वाटते. बंबाचा चालक पंपही चालवतो. पीटीओ लावणं (इंजिनाची ताकद पंपाला जोडणं), प्रायमिंग करणं (पंपातली हवा काढून पाणी ओढणं), दाब पाहून इंजिन चढवणं ज्याला येत नाही, तो गाडी घटनास्थळी नेऊन उभी करतो आणि होजमधून फुसफुस हवा येते.

पैशाच्या बाबतीत थोडक्यात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 खाली अग्निशमन दल चालवणं हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे, तेव्हा 'निधी उपलब्ध झाल्यावर विचार करू' हे उत्तर मान्य करू नका. बांधकाम परवानगी देताना अग्निशमनाच्या नावाने शुल्क घेतलं जातं. तुमच्या भागातून तीन वर्षांत किती जमा झालं, हा चौथा अर्ज. मोठ्या गृहप्रकल्पांच्या भागात हा आकडा पाहून अधिकारीही गप्प होतात. केंद्र सरकारने 2023 मध्ये अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी 5,000 कोटींची योजना आणली, त्यात बहुतेक राज्यांचा वाटा 25 टक्के. आपल्या महापालिकेने राज्याकडे प्रस्ताव पाठवला होता का, हेही विचारण्यासारखं.

अंदाजपत्रकात शिरायचं तर ऑक्टोबरपासून मागे लागा, कारण खाती आपापल्या मागण्या तेव्हा तयार करतात. जानेवारीत निवेदन देणं म्हणजे गाडी सुटल्यावर तिकीट काढणं. दोन खेळ्या ओळखून ठेवा. पहिली, टोकन तरतूद: अर्थशीर्षक उघडं राहावं म्हणून लाख-दोन लाख टाकायचे आणि 'तरतूद केली' असं वर्तमानपत्रात छापून आणायचं. दुसरी, वर्गीकरण: खरी तरतूद असली तरी डिसेंबरपर्यंत खर्च झाली नाही म्हणून ती फुटपाथच्या फरश्यांकडे वळवायची. यावर उपाय एकच, दर महिन्याला फाइल कुठे आहे ते विचारणं. पूर्वगणनपत्रक (खर्चाचा अंदाज), तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश: या पाचांपैकी कुठल्या टेबलावर आहे, एवढंच. नागरिकांच्या सूचनांवर आधारलेल्या 'लोकसहभागी अंदाजपत्रका'त केंद्र मागू नका. त्यात बाक, दिवे, गतिरोधक अशी लहान कामं बसतात.

नकाशा तयार झाला की एकदा पाहू द्या म्हणावं. वास्तुविशारद दर्शनी भाग सुंदर करतात आणि पाणी विसरतात. साधारण 4,500 लिटरचा बंब असतो. 20 मिलिमीटरच्या नोझलमधून मिनिटाला पाचशेच्या आसपास लिटर पाणी जातं. दोन नोझल चालू केली की साडेचार मिनिटांत टाकी रिकामी. शहरातले रस्त्यावरचे हायड्रंट (बंबात पाणी भरायचे नळ) बहुतेक गाडले गेले आहेत किंवा कोरडे आहेत, त्यामुळे गाडी परत भरायला केंद्रावरच येते. भूमिगत टाकी किमान 50 हजार लिटरची, स्वतंत्र पंप, वीज गेल्यावर चालणारा जनरेटर आणि पाच मिनिटांत बंब भरेल एवढी जाड भरणी वाहिनी हवी. घरगुती इंचाच्या नळाने बंब भरायला पाऊण तासही लागतो.

गाडीच्या जागेवर बॅटरी चार्जिंगचा सॉकेट आणि दाबाखालच्या हवेची नळी हवी. हे लहान वाटतं, पण बंबाला एअर ब्रेक असतात. उभ्या गाडीची हवा हळूहळू उतरते आणि दाब चढेपर्यंत गाडी हलत नाही. नळी जोडलेली असेल तर घंटा झाली की गाडी निघते. नसेल तर दोन-तीन मिनिटं शटरखालीच गेली. श्वसनयंत्राचे सिलिंडर भरायचा कॉम्प्रेसर जवळच्या कुठल्या तरी केंद्रात असला पाहिजे. 6.8 लिटरच्या, 300 बारच्या सिलिंडरमध्ये साधारण 2,000 लिटर हवा मावते. मेहनतीच्या कामात अर्ध्या तासातच हवा संपत आल्याची शिट्टी वाजायला लागते. होज वाळत घालायला उंच मनोरा किंवा निदान उतरता कट्टा, आणि जवानांना झोपायला, आंघोळीला जागा. महिला जवान आता भरती होतात, त्यांची वेगळी खोली आणि स्वच्छतागृह नकाशातच असू द्या.

हे सगळं व्हायला चार-पाच वर्षं सहज जातात. तोवर तात्पुरतं केंद्र मागा आणि त्यासाठी पाण्याच्या उंच टाकीचं आवार सुचवा. जागा महापालिकेची, पाणी तिथेच, चौकीदार असतोच. एक पत्र्याची शेड, एक कंटेनर, फोन आणि वायरलेस, शौचालय, एक बंब किंवा गल्लीबोळांत शिरणारी लहान गाडी. मुंबईने दाट वस्त्यांसाठी अशी मिनी केंद्रं केली आहेत. एक खबरदारी घ्या: तात्पुरत्या केंद्राच्या मंजुरीपत्रात कायमच्या जागेचा सर्व्हे नंबर लिहून घ्या, नाहीतर तोच कंटेनर पंधरा वर्षं राहतो.

14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह असतो. 1944 मध्ये त्या दिवशी मुंबई बंदरात 'फोर्ट स्टायकिन' जहाजाचा स्फोट झाला आणि 66 जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ. या सप्ताहात अधिकारी सोसायट्यांमध्ये प्रात्यक्षिकाला येतात. तेव्हा हार-तुरे आटोपशीर ठेवा आणि त्यांना बंब घेऊन आतल्या शेवटच्या इमारतीपर्यंत यायला सांगा. गाडी कुठे अडकते ते सगळ्यांच्या देखत कळतं, आणि त्यांच्या अहवालातही जातं.

केंद्र सुरू झाल्यावर मोहीम गुंडाळू नका. पहिल्या वर्षात दर तीन महिन्यांनी त्या केंद्राच्या रात्रपाळीच्या हजेरीपटाची प्रत माहिती अधिकारात मागत राहा, आणि शेजारच्या केंद्राची पण. नव्या केंद्रात माणसं बहुधा जुन्या केंद्रातून उचलून आणलेली असतात. दोन्हीकडे सहाच्या जागी तीन नावं दिसली, तर आकृतिबंधाचं पत्र पुन्हा बाहेर काढा.